आईचा दोष नाही

काही मुले दिसायला धडधाकट असतात. पण हाक मारली तर वळून पाहत नाहीत. नजरेला नजर देत नाहीत. एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसतात. बोलणे उशिरा येते. कधी आलेले शब्दही जातात. मग शेजारीपाजारी म्हणतात, "पोराला नजर लागली." नाहीतर म्हणतात, "आईनेच लक्ष दिले नाही." बिचारी आई मनात झुरत राहते.

ह्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात. अमेरिकेत डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांची हकिकत लिहिली. पुढे काही शिकलेली माणसेही आईलाच बोल लावू लागली. आईची माया कमी पडली, म्हणून मूल असे झाले, असे ती सांगत. हे खरे कशावरून?

१९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी इंग्लंडात जुळ्या मुलांची पाहणी छापली. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या ११ जोड्या होत्या. त्यांतील ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांच्या १० जोड्या होत्या. त्यांत दोघेही स्वमग्न, अशी एकही जोडी नव्हती. आता विचार करा. जुळी कोणतीही असोत, ती वाढतात एका घरात, एका आईच्या हाताखाली. मग फरक मायेचा नव्हे, जन्माबरोबर आलेल्या वारशाचा. मेंदूची घडण पोटात असतानाच सुरू होते. पोराची उंची कुणी ठरवून देतो का? तसेच हे. दोष आईचा नाही, बापाचाही नाही.

दोष लसीचाही नाही. १९९८ साली इंग्लंडात १२ मुलांवरून गोवराच्या लसीवर संशय घेणारा लेख आला. छापणाऱ्यांनीच तो २०१० साली मागे घेतला. डेन्मार्क देशात ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्यांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. हा निकाल २०१९ साली आला. तेव्हा लस चुकवू नका.

रक्त तपासून स्वमग्नता कळत नाही. डॉक्टर मुलाचे खेळणे-बोलणे पाहतात, आईबापांना विचारतात, कानही तपासायला सांगतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवीत नसेल, तर "बोलेल पुढे" म्हणून थांबू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा.

स्वमग्नता मुळासकट घालवील असे औषध नाही. तसे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. पण शिकवण्याने फरक पडतो. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ मुलांची पाहणी झाली. तिचा निकाल २०१६ साली छापला. शिकवून तयार केलेल्या साध्या सेवकांनी काही मुलांच्या आईबापांना रीत दाखवली. मूल कशाकडे पाहते ते पाहा. त्याच्या खेळात शिरा. थोडके बोला. उत्तराची वाट पाहा. ही मुले आपण होऊन आईबापांशी जास्त बोलू-खुणावू लागली.

आम्ही जन्मभर मुले शिकवली. म्हणून सांगतो, आईला बोल लावण्यात वेळ दवडू नका. तोच वेळ मुलाला द्या.

प्रश्न
१. जुळ्या मुलांच्या पाहणीवरून काय कळले?
२. मूल केव्हा दवाखान्यात दाखवावे?
३. शेजारीण आईला दोष देऊ लागली, तर तुम्ही तिला काय सांगाल?