पहिल्या फळांची टोपली

नव्या धान्याचा पहिला घास देवापुढे ठेवावा आणि मगच आपण खावे, ही रीत कोल्हापूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. पीक केवळ आपल्या बळाने आले नाही, ही जाणीव या रीतीच्या मुळाशी असते. ज्यू लोकांतही प्राचीन काळी अशीच एक सुंदर रीत होती.

यरुशलेम नगरीत ज्यूंचे भव्य मंदिर होते. गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर ही त्या देशाची सात मुख्य पिके. बागेत पहिले अंजीर धरलेले दिसले, की शेतकरी त्याला गवताची काडी बांधून खूण करी. वर्षभर ज्याची वाट पाहिली, ते फळ तो स्वतः खात नसे. ते टोपलीत घालून तो यरुशलेमची वाट धरी. गावोगावचे लोक मिळून निघत. पुढे सोनेरी शिंगांचा बैल चाले, बासरी वाजे. ही मंडळी नगरीत येताच तेथील कारागीर हातचे काम थांबवून उठून उभे राहत आणि त्यांचे स्वागत करीत.

श्रीमंतांच्या टोपल्या सोन्याचांदीने मढवलेल्या असत. गरिबांच्या टोपल्या सोललेल्या वाळुंजाच्या काड्यांच्या असत. श्रीमंताची टोपली त्याला परत मिळे. गरिबाची टोपली मात्र फळांसह याजकाला दिली जाई. ती त्याने आपल्या हाताने विणलेली असे. तेव्हा त्याचे कष्टही जणू त्या अर्पणात सामील होत. काही अर्पणांसाठी मेंढी आणावी लागे. ज्याला ती झेपत नसे, त्याने दोन पारवे आणावेत. तेही न जमल्यास थोडे पीठ आणावे, असा नियम होता. रिकाम्या हातांच्या माणसालाही मंदिराचे दार बंद नव्हते.

इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले. अर्पणे थांबली आणि प्रार्थनेने त्यांची जागा घेतली. मग जे मंदिर कोणी पाहिले नाही, त्याची ओळख मुलांना कशी करून द्यावी? त्यासाठी हस्तकलेचा चांगला उपयोग होतो. शावुओत या सणाच्या सुमारास मुले कागदाच्या रंगीत पट्ट्या उभ्या-आडव्या विणून टोपली करतात. पट्टी सैल राहिली, तर टोपली कलते. मग ती पुन्हा विणावी लागते. तयार टोपलीत मुले फळे ठेवतात. त्यांतील सर्वांत चांगले फळ प्रथम दुसऱ्याला द्यायचे म्हटले, की मुलाचा हात क्षणभर अडखळतो. त्या क्षणी त्या प्राचीन शेतकऱ्याचे मन त्याला कळते.

आपल्या महाराष्ट्रातही ज्यू आहेत. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी विश्रांती घेत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. मराठी ही त्यांची मायबोली झाली. दिवेकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली आहेत.

त्यांच्या घरी शुभप्रसंगी ‘मलिदा’ होतो. भिजवलेल्या पोह्यांत नारळाचा चव, साखर, वेलदोडे व सुका मेवा मिसळतात आणि तबकात भोवती फळे मांडतात. एलियाहू प्रेषिताचे स्मरण करून प्रार्थना होते व मग प्रसाद वाटला जातो. मंदिरातील पिठाच्या अर्पणाचीच ही आठवण असावी, असे काही अभ्यासक मानतात.

1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. पुढे बेने इस्राएलांपैकी बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. मायदेशाची भूमी दूर राहिली. परंतु मलिद्याचे तबक त्यांच्याबरोबर गेले. दगडी मंदिरे पडू शकतात; परंतु आईजवळ बसून लहान हातांनी शिकलेली रीत सहसा विसरली जात नाही.

स्वाध्याय

1. शेतकरी पहिल्या अंजिराला खूण का करीत असे?
2. श्रीमंताच्या व गरिबाच्या टोपलीत कोणता फरक होता?
3. मलिदा कसा करतात, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
4. कागदाच्या पट्ट्यांची टोपली विणा. तीत पहिली वस्तू कोणासाठी ठेवाल व का, ते लिहा.