मांजराचे पिलू : खेळ, नखे आणि दात

मांजरीचे दात तिच्या पिलांस लागत नाहीत, ही म्हण मुलांस अर्थासह पाठ असते. परंतु ती खरी कशी ठरते, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. ज्या दातांनी मांजर उंदराची मान मोडते, त्याच दातांनी ती आपले पिलू मानेच्या सैल कातडीस धरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेते आणि पिलाच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. दाब किती द्यावा व कोठे थांबावे, याची जाण येथे दिसते. खेळताना चावा आवरण्याची ही जाण पिलास पुष्कळशी आपल्या आईच्या व भावंडांच्या संगतीत येते. ज्यास ती संगत मिळाली नाही, त्यास ती माणसाने द्यावी लागते. प्रस्तुत पाठाचा विषय हाच आहे.

सातपुड्यातील पाड्यावर काय किंवा तापीकाठच्या गावात काय, ज्वारी, मका व तूर साठविलेल्या घरी मांजर असते ते उंदरांसाठी. मांजरीचे पिलू मात्र घरातील मुलांचे असते. साहजिकच मनगटावर बारीक लाल रेघा घेऊन शाळेत येणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात. या रेघा मुले बहुधा लपवितात. सांगितले तर मार बसेल, किंवा पिलूच गावाबाहेर नेऊन सोडले जाईल, ही त्यांची भीती असते. लपविलेला ओरखडा हा या विषयातील खरा धोका होय, आणि तो दूर करणे शिक्षकाच्या हातात आहे.

इयत्ता तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात हा पाठ सहज बसतो. आरंभी मुलांकडून मांजराचे नाव त्यांच्या घरच्या भाषेत विचारावे. भिली, पावरी, अहिराणी व गुजरी बोलणारी मुले एका वर्गात असल्यास फळ्यावर निरनिराळे शब्द जमतील, आणि एरवी गप्प बसणारे मूलही बोलू लागेल. मग नखांची मोजणी घ्यावी. पुढच्या प्रत्येक पंजास पाच व मागच्या प्रत्येक पंजास चार, मिळून १८ नखे होतात. कोणी २० म्हणेल, तर त्यास घरी जाऊन मोजण्यास सांगावे. मात्र पिलू झोपेत असताना. दातांची मोजणी मुलांवर सोपवू नये. दुधाचे दात २६ व पुढे येणारे कायमचे दात ३० असतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सुमारे सहा महिन्यांच्या वयापर्यंत दात बदलत असतात. त्या काळात पिलू दिसेल ते चावत सुटते, त्यात त्याचा दुष्टपणा नसतो.

पिलू खेळते म्हणजे शिकारीचा सराव करते. दबा धरणे, झडप घालणे, पुढच्या पायांनी कवटाळणे व मागच्या पायांनी खरवडणे, हा सर्व क्रम उंदीर पकडण्याचाच आहे. भावंडांशी कुस्ती करताना एकाने जोराने चावा घेतला की दुसरे ओरडते व खेळ सोडून निघून जाते. चावणारे एकटे पडते. असे पुन्हा पुन्हा घडले म्हणजे त्यास कळते की, जोराने चावले तर खेळ संपतो. ही शाळा चालू असतानाच चार आठवड्यांचे पिलू पिशवीत घालून घरी आणले, तर त्याचे शिक्षण अर्धवट राहते. म्हणून निदान आठ, आणि शक्य तर बारा आठवडे पिलू आईजवळच असू द्यावे. माणसाच्या हाताची सवय मात्र त्याआधीच लागली पाहिजे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या काळात ज्या पिलास रोज थोडा वेळ हळुवार हाताळले जाते, ते पुढे माणसास भीत नाही. आई मांजर घरातीलच असेल तर या दोन्ही गोष्टी एकदमच साधतात.

आता हाताविषयी. घरातील मोठी माणसेच बोटे हलवून पिलास खेळवितात. त्याचे चिमुकले दात लागले की हसतात. तीन महिन्यांनी तेच दात रक्त काढतात, तेव्हा पिलास चापट बसते. कालपर्यंत जो खेळ होता तो आज अपराध कसा झाला, हे त्या जिवास कळण्यास मार्ग नसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून हात हे खेळणे नव्हे, हा नियम पाळावा. हात खाऊ घालण्यासाठी व कुरवाळण्यासाठी असावा. खेळण्यासाठी हातभर लांब काडी घेऊन तिच्या टोकास जुन्या लुगड्याची चिंधी बांधावी, किंवा दाणे काढलेले मक्याचे कणीस जमिनीवर लोटून द्यावे. खेळ संपताच काडी व चिंधी उंच ठेवावी. मांजराच्या जिभेवरील काटे घशाच्या दिशेस वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्यास बाहेर टाकता येत नाही, तो गिळला जातो आणि आतड्यास पीळ घालतो.

तरीही पिलाने हात धरलाच, तर काय करावे? येथे बहुतेक मुले चुकतात. हात झटक्याने मागे घेतला की पळणाऱ्या उंदरासारखा भास होऊन पिलू अधिकच घट्ट धरते, आणि ओढाताणीत कातडी फाटते. हात जागच्या जागी निश्चल ठेवावा. जे हलत नाही त्यात शिकाऱ्यास रस नसतो. पकड सैल होते. मग हात सावकाश काढून घ्यावा, उठावे व मिनिटभर पिलाकडे पाठ फिरवून दूर जावे. थोड्या वेळाने काडी पुढे करावी. भावंड जे करीत होते तेच येथे माणूस करतो. हे रोज आणि घरातील सर्वांनी करावयाचे आहे. थोरल्या भावाने हात चावू दिला व धाकटीने खेळ थांबविला, तर पिलू काहीच शिकणार नाही.

या प्रसंगाचा वर्गात अभिनय करता येतो. एका मुलाने पिलू व्हावे, दुसऱ्याने हात पुढे करावा, आणि पकडताच पुतळ्यासारखे उभे राहावे. मुलांस हा खेळ फार आवडेल. खरे पिलू मात्र वर्गात आणू नये. तीस मुलांचे साठ हात एकदम पुढे आले म्हणजे शांत पिलूसुद्धा बोचकारल्यावाचून राहत नाही.

मारण्याविषयी स्पष्टच सांगितले पाहिजे. चापट, नाकावर टिचकी, पाण्यात बुडविणे, कान पिळणे हे उपाय खेड्यात चालू आहेत. त्यांनी पिलू चावणे सोडत नाही; फक्त हातास भिऊ लागते आणि भ्यालेल्या मांजराचा चावा खेळातील चाव्याहून खोल असतो. शाळेतील मुलास शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. घरच्या पिलापर्यंत हा विचार पोहोचण्यास वेळ लागेल. तो तेथवर नेणारा दूत शाळकरी मुलाखेरीज दुसरा नाही.

नखे घासणे ही मांजराची गरज आहे. त्यासाठी पडवीत लाकडी ओंडका उभा करून त्यास गोणपाट किंवा सुंभ गुंडाळावे. तेथे चंद्रकोरीसारखी पोकळ टरफले पडलेली आढळतात. ती नखांची जुनी साल होय. मुलांनी ती गोळा करून शाळेत आणावीत. संध्याकाळी, चूल पेटण्याच्या सुमारास, पिलू सर्वांत अधिक उधळते. मांजर पहाटे व तिन्हीसांजेस हिंडणारा प्राणी आहे. त्या वेळी आधी खेळ व मग खाणे द्यावे. शिकारीनंतर जसे खाणे, अंग चाटणे व झोप, तसाच क्रम येथेही लागतो. शेपटी आपटू लागली, कान मागे पडले, बाहुल्या मोठ्या झाल्या, म्हणजे खेळाची मर्यादा संपली असे समजावे. कुत्र्याच्या शेपटीची भाषा मांजरास लावू नये.

एवढे करूनही ओरखडा उठेल, तेव्हा मुलाने तो त्याच दिवशी शिक्षकास दाखवावा. रागावणे होणार नाही, असे वर्गात आधीच सांगून ठेवावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे मुलास फार वाटतात, म्हणून शिक्षकाने घड्याळ धरावे. जखमेवर चुना, तेल, हळद किंवा मिरचीपूड लावू नये. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळते ती स्वयंपाकासाठी. जखमेत ती भरल्याने विष जळत नाही, कातडी मात्र जळते.

रेबीज हा रोग आपल्या देशात मुख्यतः कुत्र्यापासून होतो, तथापि पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले मांजरही तो देऊ शकते. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नाहीच. म्हणून चाव्यानंतर किंवा रक्त निघालेल्या ओरखड्यानंतर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात जावे. जखमेतून रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत द्यावयाचे इम्युनोग्लोब्युलिनही लागते. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्या दहा दिवसांसाठी लस थांबवू नये. वडील माणसे पोटातील चौदा सुयांची आठवण काढून घाबरतात. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता सुई दंडात घेतात. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मात्रा असतात. कातडीत द्यावयाच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची फेरी नसते. हे पालकसभेत सांगितले तर पुष्कळ भीती ओसरेल. धडगाव भागातील दूरच्या पाड्यावरून वारंवार खाली येणे सोपे नाही. तेथे पुढील फेरीची तारीख हजेरीपटावर टिपून ठेवणारा शिक्षक फार उपयोगी पडतो. पिलू तीन महिन्यांचे झाले म्हणजे त्यासही पशुवैद्याकडून रेबीजची लस टोचून घ्यावी.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्यात सांगावीच लागते. शहादा-तळोदा भागात ऊसतोड सुरू झाली की पाचटात ‘मांजरीची पिले’ सापडल्याची बातमी मुले आणतात. ती कधी रानमांजराची असतात, कधी घरच्या मांजराहूनही लहान असलेल्या ठिपकेदार वाघाटीची, तर कधी बिबट्याची. मुलास त्यांतील भेद कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. या पाठातील कोणताही नियम त्या पिलांस लागू नाही. त्यांस माणसाची सवय लावावयाची नाही. तिन्ही प्राण्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. बिबट्याची मादी पिलांजवळपासच असू शकते, म्हणून मुलांनी तेथून गोंगाट न करता दूर व्हावे व मोठ्यांस सांगावे. मोठ्यांनी तोड थांबवून वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात उसात सापडलेली बिबट्याची पुष्कळ पिले वनविभागाने त्याच जागी सुरक्षित ठेवून, रात्री परत येणाऱ्या आईच्या स्वाधीन केली आहेत. पिलू उचलून घरी किंवा शाळेत आणले, तर मादी त्यास शोधीत वस्तीपर्यंत येऊ शकते.