बेत आवोतमध्ये जाताना सोबत न्यायचा एक कागद



या सदरात साखर, रक्तदाब, गुडघे यांवर पुष्कळ लिहून झाले. पण हल्ली मालिदेच्या कार्यक्रमात एखादी बाई मला बाजूला घेते ती गुडघ्यांसाठी नाही. हळू आवाजात विचारते, "सिस्टर, आईला बेत आवोतमध्ये ठेवलं तर लोक काय म्हणतील?" किंवा आईच विचारते, "मुलं मला तिकडे टाकणार नाहीत ना?" लोक काय म्हणतील हे मला सांगता येणार नाही. पण तिथे गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत माणसाचे काय होते हे मी वृद्धांच्या विभागात नोकरी करताना पाहिले, आणि नंतर माझ्याच घरात पाहिले. तेव्हा त्यावर लिहिते.

माझी थोरली नणंद, आम्ही त्यांना वन्सं म्हणायचो, बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले आणि इस्पितळातून परस्पर सिऊदी विभागात जावे लागले. जागा निवडायला आम्हाला जेमतेम चार दिवस मिळाले. वन्संनी इथल्या कारखान्यात तीस वर्षे काम केले होते. हिब्रूत बस ड्रायव्हरशी भांडायच्या. पण ऑपरेशननंतर त्या गोंधळल्या आणि हिब्रू पार गेले. उरली ती फक्त मराठी.

रात्री त्या "आई, आई" म्हणून हाका मारायच्या. हिब्रूत "आय" म्हणजे दुखल्याचा उद्गार. रात्रपाळीची नर्स येऊन अकामोल देऊन जायची. तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, तिच्या जागी मीही तेच केले असते. दिवसा मात्र वन्सं "पोट फुगलंय" सांगत होत्या आणि ते कोणाला कळत नव्हते. मी शुक्रवारी भेटायला गेले, पोटावर हात ठेवला तर दगडासारखे कडक. पाच दिवस शौचाला झाले नव्हते. दुखण्याच्या जोरदार गोळ्यांनी आतडी सुस्तावतात, त्यात नवीन जागा, कमी पाणी. आणि म्हाताऱ्या माणसाचे पोट साफ नसले, अंगात पाणी कमी पडले किंवा लघवीत जंतू झाले, तर डोके आणखी गोंधळते. घरचे म्हणतात, "वय झालं." वय त्या आठवड्यात झालेले नसते. त्या संध्याकाळी एनिमा दिला, आणि दोन दिवसांनी वन्संनी मला नावाने हाक मारली.

मेंदू थकला की मोठेपणी शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची शेवटपर्यंत राहते. स्मृतिभ्रंश असेल तर हे कायमचे, पण ताप आला किंवा मोठे ऑपरेशन झाले तर काही दिवसांपुरतेही होते. आपण कोकणातून, मुंबईतून आलेली माणसे. "मला उत्तम हिब्रू येतं" या भरवशावर राहू नये.

म्हणून त्या रात्री मी एक कागद लिहायला बसले. हिब्रूत, मोठ्या अक्षरांत, एकाच बाजूला. आजारांची यादी त्यात घालू नका, ती तिक रेफुईत असतेच. त्यात माणूस लिहायचा. वन्संच्या कागदावर असे होते: उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्या बाजूने बोला. सकाळी चहा पोटात जाईपर्यंत अंघोळीचे नाव काढू नका. डोक्यावरून शॉवर सोडलात तर घाबरतात, भांड्याने अंगावर पाणी घाला. नवरा वारला आहे, "तो कधी येणार?" असे विचारले तर पुन्हा पुन्हा मरणाची बातमी देऊ नका, त्याच्याबद्दल बोलू द्या. "आई" म्हणजे इमा, दुखणे नव्हे. खाली मराठी शब्द हिब्रू अक्षरांत आणि समोर अर्थ: पाणी, दुखतंय, शू, शी, थंडी, गरम, भूक, नको. एक प्रत फाईलमध्ये, एक कपाटाच्या दाराच्या आत चिकटवली. आत अशासाठी की येणाऱ्याजाणाऱ्याने वाचू नये, पण कपडे काढणाऱ्या मेतापेलेतला दिसावे. पंधरवड्यात एक रशियन बाई वन्संना "पाणी?" विचारू लागली. उच्चार भलताच, पण पेला रिकामा व्हायचा.

हा कागद आज, तब्येत बरी असताना, स्वतःच्या हाताने लिहा. तुमच्या अंघोळीचे आणि चहाचे तुमच्याइतके कोणाला माहीत आहे? मुलांना तर अजिबात नाही.

आता जाण्याआधीचे. बेत आवोत म्हणजे एकच प्रकार नव्हे. दियूर मुगानमध्ये आपले स्वतंत्र घर असते, ते हातपाय चालणाऱ्यांसाठी. बेत आवोतमध्ये अत्समाई आणि ताशूश विभाग वेगळे, आणि उठण्याबसण्यालाही मदत लागते त्यांच्यासाठी सिऊदी विभाग वेगळा. पहिल्या दोन विभागांसाठी सरकारी मदत हवी तर गावच्या रेवाखात जायचे. सिऊदीसाठी लिश्कात हाब्रीउतमध्ये अर्ज करून "कोड" मिळवावा लागतो, आणि त्यात मुलांच्या मिळकतीचाही विचार होतो, म्हणून मुलांना अंधारात ठेवून काही होत नाही. कुपत खोलीममधून सिऊदी विमा घेतला असेल तर त्याचे कागद शोधून ठेवा. बितुआख लेउमीची सिऊदची मदत 1988 पासून आहे, पण ती घरी राहणाऱ्यांसाठी. सिऊदी विभागात गेल्यावर ती बंद होते, हे हिशेबात धरा. आणि डोके ठिकाणावर असतानाच वकिलाकडून यिपुई कोआख मितमाशेख करून घ्या. 2017 पासून ही सोय झाली आहे. आपल्याला समजेनासे झाले तर औषधोपचाराचा आणि पैशांचा निर्णय कोणी घ्यायचा, हे त्यात आपणच ठरवतो. पैशांची बाजू ओवेदेत सोत्सियालित माझ्यापेक्षा चांगली सांगेल.

जागा पाहायला दुपारच्या जेवणाला जा आणि पुन्हा एकदा संध्याकाळी सातनंतर जा. सकाळी सगळेच झकपक असते. संध्याकाळी घंटी वाजली की किती वेळाने कोण येते ते उभे राहून पाहा. शक्य असेल तर आधी एक-दोन आठवड्यांचा नोफशोन घ्या, म्हणजे परत येता येईल हे माहीत असून राहता येते.

"डॉक्टरकडे चाललोय" असे सांगून आईला गाडीत बसवणारे मी पाहिले आहेत. माझे यावर स्पष्ट मत आहे: असे करू नये. स्मृतिभ्रंश झालेली आई ते कदाचित विसरेल, पण फसवले गेल्याची भीती अंगात राहते. मग ती औषधाला तोंड उघडत नाही.

खोलीत काय न्यावे? एलियाहू हानाबीचे चित्र, आपली गोधडी, घड्याळ, दोनचार फोटो. शाब्बाथचे दिवे बहुतेक ठिकाणी खोलीत लावू देत नाहीत, तेव्हा विजेचे दिवे न्या. कवळी, चष्मा, कानाचे यंत्र यांवर नाव घालून घ्या. कवळी कागदी रुमालात गुंडाळून ठेवण्याची सवय असेल तर आजच मोडा. जेवणाच्या ताटाबरोबर किती कवळ्या कचऱ्यात गेल्या ते मी पाहिले आहे. आणि पलंग. घरी चाळीस वर्षे पलंगाच्या उजवीकडून उतरून बाथरूमला जाण्याची सवय असते. नव्या खोलीत पलंग उलटा लावला तर रात्री दोन वाजता पाय उजवीकडेच पडतात आणि समोर भिंत येते. शक्य तितका पलंग घरच्यासारखा लावून मागा, रात्रीचा छोटा दिवा ठेवा, सपाता नको, मागून बंद असलेली पादत्राणे हवीत.

औषधांची यादी देताना घरगुतीही सांगा. मेथीची पूड, कारल्याचा रस, कोणी भारतातून आणलेली पुडी. लाज वाटून लपवू नका. तिथे जेवण मोजून आणि वेळेवर येते, इन्शुलिन जुनेच राहिले आणि आपण वर गुपचूप मेथी घेतली, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

खाण्यावरून सर्वांत जास्त रडणे होते. संध्याकाळी पांढरे चीज, दही, काकडी पाहून आपली माणसे ताट सरकवतात. त्यांना गरम भात आणि वालाचे बिरडे हवे असते. काशृतमुळे बाहेरचे शिजवलेले बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, आधी विचारा. आहारतज्ज्ञ बाईंना सांगितले तर मऊ भात बहुधा मिळतो. मात्र एक काळजीचे. ज्यांना पाणी पितानाही ठसका लागतो, त्यांना प्रेमाने मालिदा भरवू नका. पोहे आणि खोबऱ्याचा कीस घशात अडकतो, श्वासनलिकेत जातो, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. बेराखा म्हणा, हातात खजूर धरू द्या, वास घेऊ द्या. भरवण्याआधी नर्सला विचारा.

पहिले सहा आठवडे झोप, भूक, पोट तिन्ही बिघडतात. चिडचिड होते, "मला घरी ने" चालू असते. "पहिला आठवडा भेटायला येऊ नका, म्हणजे सवय होते" असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. रोज थोडा वेळ जा, ठरलेल्या वेळी जा, आणि निघताना चोरून पळू नका. जमल्यास जेवणाच्या वेळी जा. गप्पा मारता मारता ओठ कोरडे आहेत का पाहा, मोजे काढून टाचा पाहा, लाल डाग दिसला तर त्याच दिवशी नर्सला दाखवा. दर महिन्याचे वजन विचारा. आणि मराठीत बोला. नातवंडांना येत नसेल तर फोनवर गावातली जुनी मैत्रीण लावून द्या.

कागद अधूनमधून बदलावा लागतो. वन्सं तिथे अडीच वर्षे राहिल्या, आम्ही तो तीनदा नव्याने लिहिला. शेवटच्या खेपेला "चहा" या शब्दापुढे "घट्ट केलेला, चमच्याने" असे लिहिले, आणि "शॉवर" ची ओळ काढून टाकली, कारण तोपर्यंत त्यांना पलंगावरच पुसून घेत होते.