दुखणें सरल्यावरचें दुखणें

सन २०२१ च्या मे महिन्यांत आमच्या मंडळींतील एक शेतकरी गृहस्थ कोविडच्या दुखण्यांतून उठून घरीं आले. एकोणीस दिवस ते रुग्णालयांत होते, व त्यांतील बहुतेक दिवस तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. आम्हीं त्यांच्या अंगणांत लांब उभे राहून उपकारस्तुतीची प्रार्थना केली आणि आपलें काम झालें असें समजून परतलों.

दोन आठवड्यांनीं त्यांची पत्नी आमच्याकडे आली. ते रात्रीं झोंपत नाहींत, श्वास कोंडतो म्हणून दार उघडें ठेवावयास सांगतात, जेवणावर वासना नाहीं, आणि शेजारच्या खाटेवरील माणूस पहांटे कसा गेला हेंच पुनः पुनः बोलतात, असें तिनें सांगितलें. आम्हीं जाऊन त्या गृहस्थांस म्हटलें, “देवानें तुम्हांला एवढ्या मरणांतून काढलें, आतां रडतां काय? विश्वास वाढवा.” त्यांनीं मान हालविली, आणि त्या दिवसापासून ह्या विषयावर आमच्याशीं बोलणें सोडलें. चूक आमची होती. तीच आमच्या उपदेशक बंधूंच्या हातून होऊं नये म्हणून हा पाठ लिहीत आहों.

असें दुखणें विरळा नाहीं. इटली देशांतील मिलान शहरीं सन २०२० मध्यें कोविडमधून उठलेल्या ४०२ रोग्यांची सुमारें एक महिन्यानें विचारपूस करण्यांत आली. निम्म्याहून अधिकांस मनाची कांहीं ना कांहीं पीडा होती. शेंकडा ४२ जणांस घोर चिंता, ४० जणांस निद्रानाश, ३१ जणांस खिन्नता, आणि २८ जणांस घडलेलें भय जागेपणीं व स्वप्नांत पुनः पुनः दिसे. हे आंकडे प्रश्नावलीवरून काढलेले आहेत, आणि प्रश्नावली म्हणजे वैद्याचें निदान नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. परंतु ऑक्सफर्ड येथील विद्वानांनीं २,३६,३७९ रोग्यांच्या, बहुतेक अमेरिकेंतील, वैद्यकीय नोंदी पाहिल्या, तेव्हां सहा महिन्यांच्या आंत सुमारें एकतृतीयांश रोग्यांस मेंदूचा किंवा मनाचा विकार लिहिलेला आढळला. साध्या इन्फ्लुएंझाच्या रोग्यांपेक्षां हें प्रमाण अधिक होतें. सन १९१८ च्या मोठ्या साथीनंतरही असेंच दिसलें होतें. बोस्टन येथील मेनिंजर नांवाच्या वैद्यानें १९१९ सालीं अशा शंभर रोग्यांची हकीकत छापली.

कारण कांहीं अंशीं शरीरांतच असतें. रक्तांत प्राणवायु कमी पडतो, ज्वर व दाह मेंदूपर्यंत पोंचतात, आणि जीव वाचविणारें स्टेरॉइड औषधही कित्येकांची झोंप व चित्त बिघडवितें. त्यांत अतिदक्षता कक्षांत दिवस कोणता व रात्र कोणती हें कळत नाहीं. दिवे जळत असतात, यंत्रें वाजतात, भोंवतालचीं माणसें डोळ्यांपर्यंत झांकलेलीं. रोगी नाहीं तें पाहूं लागतो. आपले वडील ह्यास वात झाला म्हणत. कित्येक घरीं ह्याच लक्षणांवरून भूत लागलें असें ठरवून भगताकडे कोंबडें नेलें गेलें, आणि दुःखाची गोष्ट ही कीं त्यांत आपलींही घरें होतीं.

दुसरें कारण आपण शेजारी आहों. साथींत रोग्यास विलग ठेवावें लागतें. मोशेच्या नियमशास्त्रांतही कुष्ठ्यानें छावणीबाहेर राहावें असें आहे. पण बरा झालेला मनुष्य आंत यावा म्हणून त्याच शास्त्रांत परत घेण्याचा विधि सांगितला आहे, आणि तो अध्याय आपण क्वचितच वाचतों. बरे झालेल्यांस पाणवठ्यावर टाळलें गेलें, त्यांचें दूध कोणी घेईना. घरांवर फलक लावण्याची चालही पडली होती. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२० मध्यें सक्षम अधिकाऱ्याच्या विशेष आदेशावांचून ते लावूं नयेत असें सांगितलें.

मग उपदेशकानें काय करावें? ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांचें बरोबर होतें. बोलूं लागले तेथें बिघडलें. तुम्हीही बसा. तो सांगेल तें ऐका, न सांगेल तें खोदून विचारूं नका. झोंप, भूक व कामावरील मन दोन आठवडे परतलें नाहीं, तर त्यास जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचाराच्या वैद्याकडे न्या, आणि स्वतः बरोबर जा. रोगी भ्रमांत असेल, किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर एक दिवसही थांबूं नका. “जीव द्यावा असें मनांत येतें काय?” हें सरळ विचारावें, विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो ही समजूत खोटी आहे. होय म्हणाला तर त्यास एकटें सोडूं नये, आणि घरांतील फवारणीचें औषध त्याच दिवशीं दुसऱ्याच्या घरीं कुलुपांत ठेवावें. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आमच्या शेतकरी गांवांत हिनेंच जीव वांचतात. १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे; तेथें मराठींत बोलतां येतें व पैसा पडत नाहीं.

आम्ही त्या गृहस्थांकडे पुनः गेलों, आणि प्रथम आपल्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. ते बराच वेळ गप्प बसले, मग हळूहळू सर्व सांगूं लागले. पुढच्या आठवड्यांत आम्ही तिघें जिल्ह्याच्या गांवीं गेलों. औषध चालू झालें. दसऱ्याच्या सुमारास झोंप आली. दार मात्र ते अजून उघडें ठेवतात, आणि त्यांची पत्नी त्यास आतां कांहीं म्हणत नाहीं.

शेजारच्या खाटेवरील माणसाचें गांव त्यांस ठाऊक होतें. दुसऱ्या वर्षीं ज्वारी निघाल्यावर ते तेथें जाऊन त्याच्या घरच्यांस भेटून आले. शेवटच्या रात्रीं त्यानें पाणी मागितलें आणि बैलांस कोण पाहतें म्हणून विचारलें, एवढेंच त्यांस सांगावयाचें होतें.