सोर्सिंग इंजिनिअर: सुरक्षित ॲडॅप्टर मिळवून देण्याचे काम

वजनकाटा, सीसीटीव्ही कॅमेरा, राउटर, पाणी शुद्ध करणारे घरगुती यंत्र अशा अनेक वस्तूंच्या खोक्यात सॉकेटमध्ये लावायचा एक छोटा ॲडॅप्टर असतो. वस्तू बनवणारा कारखाना तो सहसा स्वतः तयार करत नाही, विकत घेतो. हजारांत मागणी असलेल्या कंपनीच्या दारात पुरवठादार स्वतःहून येतात. भोसरी किंवा अंबडमधल्या, दोनशे नगांची खेप काढणाऱ्या लघुउद्योगाकडे मात्र कोणी फिरकत नाही. अशा उद्योगाला परवडणारा आणि सुरक्षित ॲडॅप्टर शोधून देणे हे सोर्सिंग इंजिनिअरचे काम. ‘परचेस’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर कोटेशन गोळा करणारा कारकून येतो. प्रत्यक्षात या कामात इलेक्ट्रॉनिक्सचे ज्ञान रोज पणाला लागते.

भारतात घरोघरी येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. ॲडॅप्टरमध्ये तिचे डीसीत रूपांतर होते, तेव्हा आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि बाहेरच्या वायरवर फक्त ५ किंवा १२. ही दोन जगे वेगळी ठेवण्यातच ॲडॅप्टरची सुरक्षितता आहे. प्लगमधून काढलेला आणि कपॅसिटर डिस्चार्ज केलेला चांगला ॲडॅप्टर उघडला, की सर्किट बोर्डवर दोन्ही बाजूंच्या मधोमध पाच-सहा मिलिमीटरची मोकळी पट्टी दिसते. बहुतेकदा तिथे बोर्डला खाचही कापलेली असते. ही पट्टी ओलांडणारे भाग मोजकेच: ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकपलर आणि ‘वाय’ वर्गाचा, सहसा निळा, चकतीसारखा कपॅसिटर. स्वस्त मालात याच कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर बसवतात. तो शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट थेट वापरणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचू शकतात. फ्यूज गाळणे, ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमध्ये टेपचे थर कमी करणे ही काटकसरही बाहेरून दिसत नाही. नगामागे वाचलेले पाच-दहा रुपये कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतात, म्हणून इथे तडजोडीला जागा नाही.

कायदाही याच बाजूने आहे. २०१२ च्या आदेशाने सुरू झालेल्या सक्तीच्या नोंदणी योजनेत आता माहिती-तंत्रज्ञान उपकरणांचे, तसेच ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांचे ॲडॅप्टर येतात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी झाल्यावर भारतीय मानक ब्युरो ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक देते. तो ॲडॅप्टरवर छापलेला असावा लागतो आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. पण क्रमांक खरा निघाला म्हणजे काम झाले असे नाही. नोंदणी ठरावीक कारखान्याला आणि ठरावीक ब्रँडला मिळते. ॲपमध्ये दिसणारे नाव, ब्रँड आणि मॉडेल हातातल्या नगाशी जुळले पाहिजे. दुसऱ्याचा क्रमांक छापलेला माल बाजारात सापडतो, आणि तो ओळखता येणे हे या व्यवसायातले पहिले कौशल्य. वैद्यकीय उपकरणांची मानके वेगळी आणि अधिक कडक असतात. नेब्युलायझरसाठी राउटरचा ॲडॅप्टर चालत नाही.

छोट्या खेपेचे गणित निराळे असते. स्वतःचा ॲडॅप्टर बनवायचा तर साचा, चाचणी आणि नोंदणी यांचा खर्च दोनशे नगांवर वाटावा लागतो आणि तो परवडत नाही. म्हणून आधीच नोंदणी झालेला तयार ॲडॅप्टर निवडून आपली वस्तू त्याला साजेशी डिझाइन करणे शहाणपणाचे ठरते. अधिकृत वितरकाकडे भाव थोडा जास्त असला तरी कमी नग मिळतात आणि कागदपत्रेही मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत नमुने चटकन हाती येतात. तिथे बिल आणि आर क्रमांक दोन्ही मागावेत. परदेशातून नोंदणी नसलेला माल मागवला तर तो कस्टममध्ये अडकतो.

ऑर्डरपूर्वी नमुने पूर्ण लोडवर काही तास चालवून तापमान, व्होल्टेज आणि ऑसिलोस्कोपवर रिपल (डीसीत उरलेला चढउतार) पाहतात. जॅकचे मापही बघावे लागते. बाहेरून दोन प्लग सारखेच ५.५ मिलिमीटरचे दिसतात, पण आतले छिद्र एकाचे २.१ तर दुसऱ्याचे २.५ असते. २.१ च्या पिनवर २.५ चा प्लग बसतो, पण सैल राहतो आणि यंत्र मधूनच बंद पडते. मंजूर नमुन्यांपैकी एक उघडून, फोटो काढून जपून ठेवतात. प्रत्येक नव्या लॉटमधला एखादा नग उघडून त्याच्याशी ताडतात, कारण पुरवठादार न सांगता आतले भाग बदलतात.

या कामासाठी दहावीनंतरचा तीन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा हा भक्कम पाया आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा ‘इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक’ ट्रेड करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ज्यांच्या घरी पदवीचा खर्च एकदम झेपणारा नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग विशेष विचारात घेण्याजोगा. पदवीनंतर खरेदीच्या व्यवस्थापनाकडे वळायचे असल्यास ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट’चे अभ्यासक्रम आहेत. कॉलेजात असतानाच डेटाशीट वाचणे, मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप सफाईने हाताळणे, स्प्रेडशीटवर भाव-तुलना मांडणे आणि इंग्रजीत नेमके ईमेल लिहिणे या चार गोष्टी पक्क्या कराव्यात. यातली शेवटची मराठी माध्यमातल्या मुलांना अवघड वाटते, पण सरावाने जमते.

सुरुवात बहुधा आलेल्या मालाच्या तपासणीतून किंवा परचेस इंजिनिअरच्या हाताखाली होते. अप्रेंटिसशिप हाही चांगला दरवाजा आहे. पुढे कम्पोनंट इंजिनिअर, पुरवठादार गुणवत्ता किंवा प्रमाणपत्रांचे काम अशा वाटा फुटतात. चाचणीची गोडी लागलेल्यांना प्रयोगशाळांतही जागा असते. मुंबईत अंधेरीच्या एमआयडीसीत केंद्र सरकारची ईआरटीएल ही अशी एक प्रयोगशाळा आहे.