'फुकट गेला' लिहिण्याआधी

चि. सोनूस,


हॉकी क्लबच्या विश्लेषण विभागात उमेदवारी सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच तुझ्याकडे एवढं मोठं टिपण सोपवलं, याचा घरात सगळ्यांना आनंद झाला. तिशी ओलांडलेले तीन खेळाडू, तिघांचे करार जूनअखेर संपणारे, आणि मार्चमध्ये ट्रेडची, म्हणजे खेळाडू दुसऱ्या संघाला देण्याची, मुदत. द्यावं की ठेवावं? तुझ्या मसुद्यात एक वाक्य चार वेळा आलं आहे: 'आता विकला नाही तर फुकट जाईल.'

आजीला पत्र वाचून दाखवलं, तर ती तिथेच अडली. "माणूस फुकट जातो म्हणजे काय रे?" तिला आयपीएलचा लिलाव ठाऊक, म्हणून त्या अंगाने समजावलं. एनएचएलच्या बर्फावरच्या हॉकीत लिलाव नसतो. करार संपलेला अनुभवी खेळाडू 1 जुलैला मोकळा होतो, हव्या त्या संघात जातो आणि जुन्या संघाच्या हाती काही लागत नाही. मार्चमध्येच त्याला दिलं, तर बदल्यात ड्राफ्टमधली निवड (नव्या खेळाडूंच्या वाटपातली पाळी) किंवा एखादा तरुण खेळाडू मिळतो. त्याच्या पगाराचा निम्म्यापर्यंत भार जुना संघ स्वतःकडे ठेवू शकतो, मग मोबदलाही चांगला मिळतो. आजीला व्यवहार कळला. 'फुकट' हा शब्द मात्र तिला पटला नाही, आणि तुझ्या मामालाही तो पटत नाही.

कोलंबसचा 2019 चा फेब्रुवारी आठव. पानारिन आणि गोलरक्षक बोब्रोव्स्की हे संघाचे दोन आधारस्तंभ. दोघांचे करार संपत आलेले आणि दोघेही राहणार नाहीत अशी सगळीकडे चर्चा. व्यवस्थापक जार्मो केकालाइनेन यांनी दोघांना ठेवलंच, वर मॅट डुशेन आणि रायन डझिंगल हे करार संपत आलेले आणखी दोघे आणले. पुढे एप्रिलमध्ये समोर आलं टँपा बे, हंगामात 62 सामने जिंकलेला संघ. कोलंबसने त्यांना 4-0 असं घरी पाठवलं. 2000 साली बर्फावर उतरलेल्या या संघाने प्लेऑफची मालिका तोवर एकदाही जिंकली नव्हती! पुढच्या फेरीत बोस्टनने त्यांना हरवलं आणि जुलैत ते चौघेही निघून गेले.

ते फुकट गेले? त्या शहरातल्या माणसाला विचारलंस तर तो नाही म्हणेल. किंमत मोजावी लागली हे खरं, 2021 पासून संघाचे हंगामामागून हंगाम प्लेऑफविना गेले. पण त्या चार विजयांसाठी तिथले प्रेक्षक जवळजवळ वीस वर्षं थांबले होते. तुझ्या कोष्टकात ड्राफ्टच्या निवडीला रकाना आहे, त्या चार सामन्यांना नाही. तो आधी घाल.

आता दुसरी बाजू. तुझ्याच टोरोंटोत 2008 साली काय झालं ते तिथली जुनी माणसं अजून सांगतात. कर्णधार मॅट्स सुंडिन, वय 37, त्या हंगामातही संघात सर्वाधिक 78 गुण त्याचेच. संघ मात्र प्लेऑफच्या बाहेर जात होता. त्याला देऊन भवितव्याची काही सोय करावी, असं व्यवस्थापनाच्या मनात आलं ते फेब्रुवारीत. त्याच्या करारात ट्रेड नाकारण्याचा हक्क होता आणि त्याने तो वापरला. दोन महिन्यांसाठी कुणाच्या संघात उसना जायचं नाही, चषक मिळवायचा तर पहिल्या दिवसापासून सोबत राहून मिळवायचा, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याला बोल लावले गेले. ते मुळीच योग्य नव्हतं. तो हक्क संघानेच सही करून दिला होता. खरी चूक आधी झाली होती: संघ कुठे चालला आहे हे मान्य करायला उशीर झाला, आणि डोक्यावर मुदत असताना माणसाला आयुष्याचा निर्णय विचारला गेला. टोरोंटो पुढे प्लेऑफला पोचलं ते थेट 2013 मध्ये. सुंडिन व्हँकुव्हरकडून खेळायला परत टोरोंटोत आला तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहिले, त्याचे डोळे भरून आले. शूटआउटमधला निर्णायक गोलही त्यानेच केला.

फिलाडेल्फियाने 2022 मध्ये हेच काम नीट केलं. संघ तळाशी होता, हे कुणी नाकारत नव्हतं. क्लॉड जिरूलाही ट्रेड नाकारण्याचा हक्क होता, म्हणून कुठे जायचं हे त्याच्याशी बोलून ठरलं. 17 मार्चला घरच्या प्रेक्षकांसमोर त्याला फिलाडेल्फियाकडून हजारावा सामना खेळू दिला आणि दोन दिवसांनी तो फ्लोरिडाला गेला. बदल्यात पहिल्या फेरीच्या निवडीबरोबर ओवेन टिपेट आला, ज्याने पुढच्याच हंगामात 27 गोल केले. फ्लोरिडा मात्र दुसऱ्या फेरीत 4-0 हरलं आणि जिरू उन्हाळ्यात ओटावाला गेला. विकत घेणाऱ्याच्या बाजूने हा व्यवहार मांडून बघ, 'फुकट' कुणाचं काय गेलं याचं उत्तर बदलतं.

आणि दिलं म्हणजे कायमचं तुटलं असंही नाही. सेंट लुईसने 2007 च्या फेब्रुवारीत कीथ कचक अटलांटाला दिला, पहिल्या फेरीच्या निवडीसह बरंच काही घेतलं आणि जूनमध्ये त्यालाच परत करारबद्ध केलं. असं क्वचितच घडतं, त्यावर बेत आखू नकोस. पण निरोप सन्मानाने दिला असेल तर दार उघडं राहतं.

तेव्हा मामाचं सांगणं हे. टिपणाची सुरुवात खेळाडूंपासून करू नकोस, संघापासून कर. हा संघ या वर्षी खरोखर काही करू शकतो का, याचं उत्तर एका परिच्छेदात, कुणाच्या मर्जीचा विचार न करता लिही. साहेबांना आवडणार नाही असं वाटलं तरी लिही. उत्तर 'होय' असेल तर तिघांना ठेवायला सांग आणि जुलैत ते गेले तर रडायचं नाही, हेही त्याच पानावर असू दे. 'नाही' असेल तर द्यायला सांग, पण चौथ्या-पाचव्या फेरीच्या निवडीसाठी नको. वीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून त्यांना सराव शिकवणारा माणूस तेवढ्यासाठी घालवू नये.

उत्तर 'कदाचित' आलं तर? बहुतेक संघांचं तेच येतं, आणि तिथेच चुका होतात. अशा वेळी तिघांचा एकत्र निकाल लावू नकोस. ज्याची जागा भरायला कुणी तयार आहे त्याला दे, ज्याच्या जागी कुणीच नाही त्याला ठेव.

तिघांपैकी कुणाकडे नकाराचा हक्क आहे आणि त्यांच्याशी क्लबचं शेवटचं बोलणं कधी झालं, हे मसुद्यात कुठेच नाही. ते विचारून घे, या आठवड्यातच. तिघांतल्या गोलरक्षकाची मुलं शाळेत जातात का, मार्चमध्ये त्याला दुसऱ्या गावी पाठवलं तर त्यांचं काय करतील, असं आजी दोनदा विचारून गेली. तेही विचार. मग मसुदा परत पाठव.

तुझा,
मामा