योसेफाने आधी परवानगी मागितली

मार्क 15:43-46 पुन्हा वाचा. अरिमथाईकर योसेफाने पिलाताकडे प्रभूचे शरीर मागितले. पिलाताने शताधिपतीला विचारून मृत्यूची खात्री केली, मगच शरीर दिले. पुढे तागाचे वस्त्र आणि कबर. पेटीचा उल्लेख नाही.

गेल्या पावसाळ्यात कन्नड तालुक्यातील एक भिल्ल तरुण पुंडलिकनगरात माझ्या दारी आला. वडील घाटीत वारले होते आणि पेटीसाठी तो व्याजाने पैसे काढायला निघाला होता. कायद्याने पेटी लागत नाही, हे ऐकून तो पायरीवरच बसला. वडिलांना आम्ही धुतलेल्या पांढऱ्या चादरीत मातीत ठेवले.

कागद मात्र सोडू नका. रुग्णालयातील मृत्यू रुग्णालयच कळवते. घरी झाला तर 21 दिवसांत कुटुंबाने ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत कळवायचे. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तोवर वारसनोंद आणि विधवेचे अनुदान अडते. सर्पदंश, अपघात, आत्महत्या असेल तर आधी पोलीस, मग शवविच्छेदन. घाईने पुरू नका.

देहदानही होते, वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात. मंडळीत हा विषय काढला की कुजबुज होते. पुनरुत्थान देणाऱ्याला त्याची अडचण होईल, असे मला वाटत नाही.

नाव लिहून देताना आधार आणि सातबारा जवळ ठेवा. त्या वडिलांचे नाव दाखल्यावर एक, सातबाऱ्यावर दुसरे निघाले. मुलगा अजून तहसीलला खेटे घालतो आहे.